आतल्या तळावरची खूण

घाटकोपरच्या एका चामडेवाल्याने मला फसवलं आणि मी गेनूकाकांना फसवलं. यातलं पहिलं वाक्य मी गेली काही वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले आहे, आवाज चढवून, टेबलावर हात आपटून. दुसरं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गाळ्यातला फोन गप्प बसत नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला स्क्रू करणारे, मधे आम्ही, हाताने शिवलेले चामड्याचे बूट करणारे. एरवी वकील, डॉक्टर, हॉटेलातले मॅनेजर असे दिवसभर उभे राहणारे लोक येतात. लग्नसराईत नवरदेव येतात. कोणी आईला घेऊन येतो, कोणी होणाऱ्या बायकोला. "ताई, सूट निळा आहे, बूट काळा नको ना?" "याचे पाय रुंद आहेत हो, फोटोत बदकासारखे दिसायला नकोत." मग तो बिचारा मोजे काढून कोऱ्या कागदावर उभा राहतो आणि मी पेन्सिलीने त्याच्या पावलाभोवती रेघ ओढते. लग्नाआधी माणसाची पावलंही जरा घाबरलेली असतात. बोटं कागद धरून ठेवतात.

यंदाचा पहिला नवरदेव असाच उभा होता. खाली बँडवाले कुठल्यातरी वरातीसाठी सराव करत होते. थंडीतलं फिकं ऊन खिडकीतून बुचाच्या चुऱ्यावर पडलं होतं. शेगडीवर खळ रटरटत होती. सगळं अगदी तसंच, आणि माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं ताई?"

"काही नाही. अंगठा सरळ ठेव."

त्या एका लग्नसराईची आठवण मला दरवर्षी येते, आणि दरवर्षी मी कोणावर तरी ओरडून ती घालवते. यंदा ती गेली नाही.

लोकांना वाटतं, बूट म्हणजे वरचं चकचकीत कातडं. ते नुसतं तोंड आहे. आमच्याकडे ते रेडकाचं असतं, मऊ. अंगठ्याने दाबलं की बारीक सुरकुती पडते आणि अंगठा काढला की मिटते. आत बकरीच्या कातड्याचं अस्तर, हाताला कोमट लागणारं. टाच ढेपाळू नये म्हणून या दोहोंच्या मधे एक कडक तुकडा, खळ लावून बसवलेला. खळ मैद्याची, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेलं. तो वास माझ्या बोटांना इतका बसला आहे की घरी पोळ्या लाटतानाही येतो. दोऱ्याला मेण आणि राळ चोळलेली, म्हणजे टाका ओढला की तो जागच्या जागी चिकटतो. पायाच्या कमानीखाली पोलादाची बोटभर पट्टी. पोकळीत बुचाचा चुरा. सगळ्यात खाली म्हशीच्या जाड कातड्याचा सोल. आणि या सगळ्याच्या मधोमध, बूट फाडल्याशिवाय कोणालाही पुरता न दिसणारा, आतला तळ.

आतला तळ म्हणजे पावलाच्या आकाराचा जाड कातड्याचा तुकडा. पाय त्याच्यावर टेकतो आणि बुटाचे मुख्य टाके त्याच्यातच अडकलेले असतात. त्याला बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात महिनोन्महिने कमावलेलं कातडं लागतं. ते दिवसा घाम पितं, बूट काढला की वाळतं, आणि वर्षभरात मालकाच्या पावलाचा खळगा त्यात उमटतो. एकाचे वापरलेले बूट दुसऱ्याला मापाचे असूनही का टोचतात, ते त्यामुळे.

"ह्यो गेला की जोडा मेला," गेनूकाका म्हणायचे. "वरचं उसवलं तर शिवता येतंय. सोल झिजला तर बदलता येतोय. ह्येला औषद न्हाई."

गेनूकाका आमचे मुख्य कारागीर. साताऱ्याकडचे, वाडवडिलांपासून चामड्याच्या कामातले. गाळा माझा, पण त्यातलं जे काही बघण्यासारखं होतं ते त्यांचं. मी या धंद्यात शिरले ती पिशवी घेऊन. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर आम्ही भांडुपला चाळीत आलो, आणि मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत रस्त्यावरच्या चपला शिवणाऱ्यांना नाड्या, खिळे आणि रबरी सोल विकायला लागले. मालवणहून आलेल्या आत्याने आईला विचारलं होतं, "गिरणीवाल्याचां चेडू आता जोडे शिवतलां गो?" आईने मान खाली घातली. मी घातली नाही. त्या दिवसापासून मी कोणासमोरच खाली घातली नाही, आणि त्याचाच पुढे माज झाला. मी भाव करायला लागले की दुकानदार पंखा वाढवतात. "ताई, तुम्ही भाव करता की भांडता?" "तुम्ही नीट द्या, मग भांडत नाही." या वाक्यावर मी अर्धं उपनगर जिंकलं आहे, असं मला वाटायचं.

चामडं ओळखायला मला काकांनी शिकवलं. वास घ्या. वाकवा. नखाने ओरखडा. आणि शेवटी, "कोपरा भिजवा. थुकी लावली तरी चालतीया." खरं कातडं ओल हळूहळू पितं आणि नुसतं काळवंडतं. चामड्याचा भुगा करून डिंकात दाबलेला पुठ्ठा असेल तर कोपरा फुगतो, पापुद्रे सुटतात. "ह्यात टाका धरत न्हाई, ताई. आज धरतोय आन उद्या कापत जातोय." मी त्यांच्यासमोर कितीतरी कोपरे भिजवले. मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या गादीवर बसून त्यांच्या मालाला थुंकी लावली आहे मी. मजा यायची.

काकांची एक पद्धत होती. आतला तळ बसवला, शिवण झाली, आता बुचाचा चुरा भरायचा आणि सोल लावून सगळं कायमचं झाकायचं, त्याच्या आधी ते आपली आरी घेऊन तळाच्या खालच्या बाजूला तीन टिंबं टोचायचे आणि खाली एक आडवी रेघ. ही त्यांच्या वडिलांची खूण. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते.

"काका, हे दिसणार कोणाला?"

"ज्यो सोल उघडंल त्येला."

"म्हणजे?"

"म्हंजी कारागिराला. गिऱ्हाइकाला तुमचा सोनेरी छाप हाय की वरती. ही आपल्यातल्याला. उद्या कोन उघडंल, त्येनं म्हनावं, बरं शिवलंय बाबा कुनीतरी."

इतकी सुंदर गोष्ट ऐकल्यावर चांगल्या माणसाने ती मनात ठेवली असती. मी ती विकायला काढली. गिऱ्हाइकांना सांगायला लागले: आमच्या प्रत्येक बुटात एक गुप्त खूण असते. सोल लावण्याआधी फोनवर तिचा फोटो काढून त्यांना पाठवायला लागले. लोक खूश. काकांनी एकदाच विचारलं, "आता गुप्त कसली राहिली ती?" मी म्हटलं, "काका, जमाना बदलला." ते आरी पुसत राहिले.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. सालीत कमावलेलं कातडं उन्हात वाळावं लागतं, ते वाळलंच नाही, आणि आतल्या तळाचा माल येईना. नेमकं तेव्हाच नाहूरच्या अमेयच्या लग्नाचं काम आलं होतं. अमेय, त्याचे भाऊ, चुलत-मावस भाऊ, मेहुणे, सगळ्यांना एकसारखे बूट, चौदा जोड. अमेयचे बाबा निवृत्त बँकवाले, अत्यंत सज्जन. "आमच्या घरात आजवर कोणी शिवून घेतलेले बूट घातले नाहीत," म्हणाले. "आणि हो, ती खूण असेल ना आत? फोटो पाठवा हं. हिला दाखवायचाय."

काका पुतणीच्या लग्नासाठी गावी निघाले होते. तळ सोडून बाकी सगळं त्यांनी कापून, बेतून ठेवलं होतं. जाताना दारात म्हणाले, "कातडं येस्तवर थांबा. न्हाईच आलं तर सांगा त्यास्नी, हुनार न्हाई."

होणार नाही? असं मी सांगू? माझ्या तोंडून कोणी "होणार नाही" ऐकलं नव्हतं.

घाटकोपरच्या त्या चामडेवाल्याचं दुकान मला अजून दिसतं. दाराशी झेंडूची माळ, आत एकावर एक रचलेले तपकिरी ताव, कडेपर्यंत गुळगुळीत. खरं कातडं कधी कडेपर्यंत गुळगुळीत असतं का? जनावराला मान असते, पोट असतं, जखमा असतात.

"हे काय आहे?"

"चामडंच आहे ताई."

"मला शिकवू नकोस. इतकं सरळ?"

"दाबलेलं आहे ना. चामड्याचंच बनतं. एकदम झकास माल, अख्खं मार्केट हाच घेतं."

मी भाव पाडायला सुरुवात केली. तो पाडत गेला. इतका सहज पाडत गेला की दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी ताव त्याच्या अंगावर फेकून निघून आले असते. एक ताव हातात घेतला. वाकवला. नाकाशी नेला, डिंकाचा वास आला. बोट ओठांपर्यंत गेलं होतं. तिथून मी ते खाली आणलं आणि साडीला पुसलं. विसरले नाही मी. कोपरा भिजवला असता तर मला कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं. नंतर "मला फसवलं" म्हणता यावं, याची सोय मी त्या क्षणी करून ठेवली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार सौदा तो होता.

मनाला काय सांगितलं? की हे बूट एका संध्याकाळचे आहेत. स्टेजवर उभं राहायचं, फोटो काढायचे, मग कपाटात. कोण कशाला सोल उघडतोय.

गाळ्यातल्या बाकीच्या दोघा कारागिरांनी बूट शिवले. टाका ओढताना पुठ्ठा कुरकुरत होता. खऱ्या कातड्यात टाका जाताना आवाज होत नाही. त्यातला एकजण माझ्याकडे बघायचा आणि मी बाहेर जाऊन फोनवर कोणावर तरी खेकसायचे. शेवटी सोल लावायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, "ताई, काकांची खूण?"

दोघेही ती टोचायला तयार नव्हते. काकांची आरी भिंतीवर टांगलेली होती, बाभळीच्या मुठीची, मूठ त्यांच्या तळहाताच्या आकाराने झिजलेली. मी ती काढून डाव्या हातात धरली. चौदा जोड, अठ्ठावीस तळ. तीन टिंबं, एक रेघ. फोटो काढला, पाठवला. नाहूरहून लगेच उत्तर आलं, हात जोडल्याचं चित्र.

लग्न थाटात झालं. मला बोलावलं होतं, मी गेलेही होते. मुलुंडच्या हॉलमध्ये चौदा जण रांगेत उभे राहून बूट पुढे करून फोटो काढत होते, आणि मी जिलेबी खात अमेयच्या मावशीला खुणेची गोष्ट सांगत होते. जिलेबी गरम होती. चव लक्षात आहे, याचीच लाज वाटते.

काका परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की कातडं मिळालं, काम झालं. त्यांनी कातडं कुठून मिळालं ते विचारलं नाही.

पण अमेयने बूट कपाटात ठेवले नाहीत. त्याला ते इतके आवडले की तो अंधेरीला ऑफिसला रोज तेच घालून जायला लागला. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा त्या पुठ्ठ्याने सोसला, आणि दसऱ्याच्या सुमारास अमेय पिशवीत बूट घेऊन गाळ्यात आला. "ताई, चालताना आत काहीतरी चुरचुरतं, आणि इथे बाजूला उसवलंय."

मी म्हटलं ठेवून जा. पण काका जागेवर होते. त्यांनी हात पुढे केला, बूट घेतला, रापीने सोलाची शिवण कापली आणि सोल उलटा केला. बुचाचा चुरा मांडीवर सांडला. खाली आतला तळ भिजलेल्या पावासारखा फुगला होता, टाक्यांच्या जागी लांब चिरा पडल्या होत्या. आणि मधोमध तीन टिंबं, एक रेघ.

काकांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग अमेयला म्हणाले, "माझीच चूक हाय, साहेब. नवा तळ घालून देतो. भावकीतल्या समद्यांचे घिऊन या."

अमेय गेला आणि मी भडकले. "त्या घाटकोपरवाल्याने फसवलं! चामडं सांगून पुठ्ठा दिला. मी सोडणार नाही त्याला, दुकानात जाऊन तमाशा करते बघा!" मी ओरडत होते आणि छापखान्यातले लोक दारात जमले होते.

काकांनी मला पूर्ण ओरडू दिलं. मग विचारलं, "कोपरा भिजवला हुता?"

"भिजवला होता."

"मग माझं शिकिवनं चुकलं," ते म्हणाले, आणि मांडीवरचा बुचाचा चुरा गोळा करायला लागले.

नऊ जोड परत आले. ते नऊही काकांनी एकट्याने नव्याने बांधले. पाच आले नाहीत. ते लोकांनी जवळपास कुठेतरी दुरुस्तीला दिले असतील. शेवटचा जोड झाला त्या दिवशी काकांनी हत्यारं फडक्यात बांधली आणि गुडघ्यांचं कारण सांगून चेंबूरला मुलीकडे राहायला गेले. मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून मी प्रत्येक तावाचा कोपरा भिजवते. माझ्या बुटांना आज कोणी नाव ठेवणार नाही. पण आम्ही खूण करत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, तुमच्याकडे काहीतरी गुप्त खूण असते ना?" मी सांगते, ती पद्धत बंद झाली.

आता यंदाचं. त्या नवरदेवाचं माप घेतल्यावर दोन दिवसांनी मी सामान आणायला घाटकोपरला गेले होते. त्याच गल्लीत, दुसऱ्या दुकानात. शेजारी एक पन्नाशीचा कारागीर उभा होता, मी त्याला ओळखत नाही. तो दुकानदाराला म्हणाला, "दोन ताव गेनू दे रे."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. दुकानदाराने मागे वळून तपकिरी, कडेपर्यंत गुळगुळीत दोन ताव काढले.

"गेनू म्हणजे?" मी विचारलं.

कारागीर हसला. "पुठ्ठा हो, ताई. दाबलेला. सगळे गेनूच म्हणतात."

"पण गेनूच का?"

"कोणीतरी म्हातारा होता म्हणे, मोठा नाववाला, आत खूण-बिण करायचा. सोल उघडला तर आत हे! तो पलीकडचा शेठ, दाराशी झेंडूची माळ असते ना, त्यानेच नाव पाडलं. त्याच्याकडे कोणी कुरकुर केली की म्हणायचा, अरे, गेनूसारखा माणूस हाच घालतो, तू कोण लागून गेलास?"

दुसऱ्या दिवशी मी चेंबूरला गेले. काका खुर्चीत बसून वाटाणे सोलत होते. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं: न भिजवलेला कोपरा, टोचलेली टिंबं, खोटं उत्तर. बोलताना माझा आवाज पहिल्यांदाच इतका लहान होता.

"ते तवाच कळलं हुतं," काका म्हणाले. "तुमी डावऱ्या. रेघ उलटी वडली हुती, उजवीकडनं डावीकडं."

"मग बोलला का नाही?"

"तुमी बोलाल म्हनून." दोन शेंगा सोलून झाल्या. "पुठ्ठ्याचं एवढं न्हाई, ताई. धंद्यात मानूस घसरतो. पर माझी आरी न इचारता घ्यायला नको हुती. माझ्या पोरीनंबी कधी हात लावला न्हाई तिला."

मी नावाबद्दल काही बोलले नाही. त्यांच्या कानावर गेलं नसेल अशी आशा होती. निघताना त्यांनीच विचारलं, "अजून गेनूच म्हनत्यात का वो त्येला?"

मला हो म्हणावं लागलं. त्यांनी मान हलवली आणि वाटाण्यांची टोपली पुढे ओढली.

म्हणून हे लिहिते आहे. त्या चौदा जोडांमधले जे पाच परत आले नाहीत, त्यांचे सोल ज्या कारागिरांनी उघडले आणि जे हसले, त्यांनी ऐकावं: तो पुठ्ठा मी आणला, ती टिंबं मी टोचली, आणि गेनूकाका त्या दिवशी साताऱ्याला मांडव घालत होते. कोणाला हसायचं असेल तर मरोळला या, माझ्या तोंडावर हसा.

आणि शेठ, तू. तू मला फसवलंस, असं मी वर्षानुवर्षं ओरडत आले. ते अर्धंच खरं होतं. मी फसायला तयार होऊन आले होते आणि तू ते ओळखलंस. त्याबद्दल मी आता काही म्हणणार नाही. पण तुझ्या दुकानातून ताव मी उचलला होता, गेनूकाकांनी नाही. ज्या माणसाने आयुष्यात तुझ्या त्या मालाला हात लावला नाही, त्याचं नाव तू त्या मालाला कोणाला विचारून दिलंस? ज्या तोंडाने ते नाव गल्लीभर केलंस, त्याच तोंडाने, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, चेंबूरच्या त्या म्हाताऱ्याला फोन लावून याचं उत्तर दे. मी तुझ्या दुकानात शेजारी उभी राहीन.